काका, किताब आणि जहाजावर चढवलेला पोरगा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली अडखळ थोडी काढलीय, बाकी गोष्ट तीच आहे.

तर, साल १७२८. एप्रिल महिना. डब्लिन शहरातला ऑर्मंड मार्केट नावाचा बाजार. बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा तिथे फिरतोय. अचानक काही माणसं येतात, त्याला धरतात आणि चोरीचा आळ घेतात. घोडागाडीत घालून त्याला लिफी नदीच्या धक्क्यावर नेतात, तिथून होडीनं समुद्राकडे, आणि एका मोठ्या जहाजावर चढवतात. जहाज निघतं थेट अमेरिकेला. तिथे हा मुलगा विकला जातो.

त्याचं नाव जेम्स ॲन्स्ली. आणि ही सगळी व्यवस्था करणारा माणूस होता त्याचा सख्खा काका, रिचर्ड ॲन्स्ली.

आता तुमच्या मनात पुण्याचा शनिवारवाडा आला असेल. आलाच पाहिजे. पण जरा थांबा, तिथे आपण शेवटी जाणारच आहोत, आणि नुसत्या तुलनेसाठी नाही. आधी हे घराणं समजून घेऊ.

एका घरात पाच किताब

ॲन्स्ली हे मूळचे इंग्रज. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस ॲन्स्ली आयर्लंडला गेला. त्या काळात इंग्लंडचा राजा आयर्लंडमधल्या जमिनी आपल्या माणसांना वाटत होता, आणि फ्रान्सिसला त्यातला बराच मोठा वाटा मिळाला. जमिनीपाठोपाठ किताब आले. तो बॅरन माउंटनॉरिस झाला आणि पुढे व्हायकाउंट व्हॅलेन्शिया. हे दोन्ही आयरिश किताब.

त्याचा मुलगा आर्थर त्याच्याही पुढे गेला. राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला तेव्हा आर्थर योग्य बाजूला उभा होता. १६६१ साली तो अर्ल ऑफ अँग्लसी झाला. अर्ल म्हणजे व्हायकाउंटच्या वरची पायरी, आणि हा किताब इंग्लंडचा. त्याच वेळी बॅरनचा आणखी एक इंग्लिश किताबही त्याला मिळाला. त्याच्या एका धाकट्या मुलाला १६८१ मध्ये बॅरन आल्थम हा आयरिश किताब मिळाला, म्हणजे एक वेगळी पाती सुरू झाली.

हिशेब लावा: तीन किताब आयर्लंडचे, दोन इंग्लंडचे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे गोष्ट याच्यावरच फिरणार आहे.

असे किताब वारशानं कसे जातात? राजा किताब देतो तेव्हा एक सनद देतो, आणि तो पुढे कुणाकडे जाईल हे त्या सनदेतच लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा अट अशी की औरस पुरुष वारसाकडे. म्हणजे मुलगा हवा आणि तो लग्नाच्या बायकोचा हवा. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ, असं पुरुषांच्या रांगेनं पुढे. आपल्याकडे गादीला वारस नसला की दत्तक घ्यायचे. तिथे दत्तकाला किताब मिळत नाही. आपल्याकडे वतनाचे हिस्से पडायचे. किताबाचे हिस्से पडत नाहीत. एकालाच सगळं, बाकीच्यांना काहीच नाही.

म्हणूनच अशा घरात जन्मलेला प्रत्येक मुलगा ही कुणासाठी तरी वाईट बातमी असायची. जेम्सचा जन्म ही त्याच्या काकासाठी वाईट बातमी होती.

डनमेनचं घर

जेम्सचा बाप म्हणजे चौथा बॅरन आल्थम, आर्थर ॲन्स्ली. दारू, कर्ज आणि भांडणं यांत बुडालेला माणूस. त्याची बायको मेरी ही इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमची अनौरस मुलगी. दोघं वेक्सफर्ड परगण्यात डनमेन नावाच्या गावी राहत होते. जेम्स म्हणे तिथेच १७१५ मध्ये जन्मला.

'म्हणे' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. कारण तो जन्मला कुणाच्या पोटी, यावरच पुढे सगळा खटला झाला.

१७१७ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. लॉर्डनं बायकोला घराबाहेर काढलं, मुलगा स्वतःकडे ठेवला. मग घरात दुसरी बाई आली. तिला हा मुलगा नको होता. आणि बापाची स्वतःची अडचण वेगळीच होती, असं पुढे जेम्सच्या बाजूनं सांगितलं गेलं. त्याला मिळायच्या असलेल्या मालमत्तेवर पैसे उचलायचे होते. औरस वारस असला तर पुढे त्याच्याही सहीची गरज, आणि तो तर अल्पवयीन. वारसच नाही असं दाखवलं, तर भाऊ रिचर्डची सही घेऊन काम भागत होतं.

कारण काहीही असो, पोरगा रस्त्यावर आला. डब्लिनच्या गल्ल्यांत निरोप पोचवणं, मिळेल ते काम करणं, मिळेल तिथे झोपणं. शेवटी जॉन पर्सेल नावाच्या एका खाटकानं त्याला घरी नेलं. एका लॉर्डच्या मुलाला पोटाशी धरलं ते मटण विकणाऱ्या माणसानं.

नोव्हेंबर १७२७ मध्ये बाप मेला. काका रिचर्डनं लगेच स्वतःला बॅरन आल्थम म्हणवून घ्यायला सुरुवात केली. पण शहरात कुजबुज होतीच की खरा वारस जिवंत आहे आणि तो बाजारात भटकतोय. रिचर्ड पर्सेलच्या घरीही माणसं घेऊन गेला. हा खाटीक दांडकं घेऊन मध्ये उभा राहिला आणि त्यानं मुलाला दिलं नाही, ही गोष्ट पुढे पर्सेलनं कोर्टात शपथेवर सांगितली.

पण एक माणूस किती दिवस राखण करणार? एप्रिलमध्ये बाजारात काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

तेरा वर्षं

अमेरिकेत तेव्हा करारबद्ध नोकरांचा धंदा जोरात होता. गरीब माणूस जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात काही वर्षं राबायचा करार करायचा. किनाऱ्याला लागलं की कप्तान तो करार विकायचा, म्हणजे पर्यायानं माणूसच विकायचा. कित्येक लोक स्वतःहून जायचे. कित्येकांना उचलून नेलं जायचं. विशेषतः मुलांना.

जेम्स डेलावेर नदीच्या काठच्या प्रदेशात एका ड्रमंड नावाच्या मालकाकडे गेला. पळायचा प्रयत्न केला, पकडला गेला, शिक्षा म्हणून मुदत वाढली. घरून निघताना बारा-तेरा वर्षांचा होता, सुटला तेव्हा पंचविशीचा झालेला.

१७४० मध्ये तो निसटून जमैकाला पोचला. तिथे अ‍ॅडमिरल व्हर्नन याचं ब्रिटिश आरमार होतं. जेम्स साधा खलाशी म्हणून भरती झाला, आणि तिथे त्याची ओळख पटली. खुद्द अ‍ॅडमिरलपर्यंत गोष्ट गेली. १७४१ साली तो इंग्लंडला परतला.

मधल्या काळात काका कुठे पोचला होता? १७३७ मध्ये अँग्लसीचा अर्ल असलेला चुलतभाऊ निपुत्रिक मेला. पुरुषांच्या रांगेत पुढचा नंबर रिचर्डचा. आता पाचही किताब आणि इंग्लंड, आयर्लंडमधल्या मोठमोठ्या जमिनी त्याच्याकडे होत्या. म्हणजे जेम्स खरा असेल, तर आता प्रश्न एका कर्जबाजारी बॅरनच्या किताबाचा राहिला नव्हता. सगळ्या घराण्याचा झाला होता.

दहा हजार पौंडांचं वाक्य

जेम्सकडे पैसा नव्हता. त्याला भेटला डॅनियल मॅकर्चर नावाचा स्कॉटिश माणूस. त्यानं स्वतःचा पैसा ओतून खटला उभा केला, आयर्लंडभर फिरून जुने नोकर, दाया, शेजारी शोधले.

आणि इकडे काका घाबरला. इतका की १७४२ च्या सुरुवातीला त्यानं तडजोडीचा विचार केला. पुतण्याला सगळं द्यावं, वर्षाला काही हजार पौंड घ्यावे आणि फ्रान्सला जाऊन निवांत राहावं. त्यासाठी तो फ्रेंचही शिकायला लागला होता!

पण १ मे १७४२ ला एक अपघात झाला. लंडनजवळ स्टेन्स इथे जेम्सच्या हातातली बंदूक झटापटीत उडाली आणि थॉमस एगलस्टन नावाचा माणूस मेला. खुनाचा गुन्हा दाखल झाला. काकाला वाटलं, देवच पावला. त्यानं आपला वकील जॉन गिफर्ड याला कामाला लावलं. खटला चालवायचा, खर्च मी करतो. आणि बोलता बोलता म्हणून गेला की हा पोरगा फासावर जाणार असेल तर दहा हजार पौंड गेले तरी चालतील.

जुलैमध्ये ओल्ड बेली या कोर्टात जेम्स निर्दोष सुटला. अपघात होता हे सिद्ध झालं. मग फीवरून काका आणि वकिलात वाजलं, आणि ते वाक्य बाहेर आलं.

शपथेवर सांगा, आई कोण?

११ नोव्हेंबर १७४३. डब्लिन. कोर्ट ऑफ एक्स्चेकरसमोर खटला उभा राहिला. तो त्या काळातला सर्वांत लांबलेल्या खटल्यांपैकी एक. सुमारे दोन आठवडे चालला. जूरीत बडे जमीनदार बसले होते, त्यातले कित्येक आयर्लंडच्या संसदेचे सदस्य.

इथे एक बारकावा. हा खटला किताबाचा नव्हता, जमिनीचा होता. जमिनीचा वाद कोर्टात सुटतो. किताबाचा वाद राजाकडे अर्ज करून आणि उमरावांच्या सभागृहात सुटतो. म्हणजे दोन वेगवेगळ्या लढाया. जेम्सच्या लोकांनी आधी जमीन निवडली. मीथ परगण्यातली काही जमीन जिंकली की आपण औरस आहोत हे सिद्ध होणार होतं.

प्रश्न एकच: हा मुलगा लेडी आल्थमचा, की स्वयंपाकघरात काम करणाऱ्या जोन लँडीचा? जोन त्याची दूध पाजणारी दाई होती, यावर जेम्सची बाजू ठाम होती. काकाची बाजू म्हणत होती, दाई नाही, तीच आई. म्हणजे बाप तोच असला तरी मुलगा अनौरस, आणि अनौरसाला शून्य.

जन्माची लेखी नोंद नव्हती. आजच्यासारखी डीएनए चाचणी नव्हती. लेडी आल्थम १७२९ मध्येच वारली होती. मग उरलं काय? माणसांची आठवण. शेकडो पानांच्या साक्षी झाल्या. मोलकरणी, गाडीवान, शेजारी, सराईवाले. कुणी सांगितलं की बाळंतपणाच्या वेळी आपण घरात होतो. कुणी सांगितलं की दाईच्या झोपडीपर्यंत बाईसाहेबांची गाडी जावी म्हणून रस्ता केला होता. दुसऱ्या बाजूनं लेडीची खास दासी मेरी हीथ उभी राहिली आणि शपथेवर म्हणाली, बाईसाहेबांना मूलच झालं नाही.

विचार करा. ज्या माणसांना एरवी त्या घरात समोर बसायचीही मुभा नव्हती, त्यांच्या आठवणीवर आता ठरणार होतं की अर्ल कोण.

आणि मग गिफर्ड वकील साक्षीला आला. काकाच्या वकिलांनी जोरदार हरकत घेतली: अशिलानं वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त असते! न्यायाधीशांनी हरकत फेटाळली. मुद्दा असा की कायदेशीर सल्ला मागणं वेगळं आणि एखाद्याला फासावर चढवायचा बेत सांगणं वेगळं. त्या बेतावर गुप्ततेचं पांघरूण घालता येणार नाही. कायद्याचे विद्यार्थी ऐकत असतील तर सांगतो, वकील-अशील गोपनीयतेची मर्यादा कुठे, या चर्चेत हा खटला आजही निघतो.

दहा हजार पौंड जूरीच्या डोक्यात बसले. मुलगा दासीचा असेल, तर त्याला समुद्रापार पाठवायची आणि फासावर द्यायची एवढी घाई कशाला?

जूरीनं काही तासांत निकाल दिला. जेम्सच्या बाजूनं. डब्लिनमध्ये जल्लोष झाला.

जिंकला, पण मिळालं काय?

सिनेमा असता तर इथे संपला असता. पण आपल्याकडे म्हणतातच, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. काकानं लगेच निकालात चूक असल्याचा दावा करून वरच्या कोर्टात धाव घेतली. म्हणजे ताबा थांबला. इतर जमिनींसाठी वेगळे खटले. मेरी हीथवर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, तर १७४५ मध्ये ती निर्दोष सुटली. म्हणजे एक जूरी म्हणते जेम्स खरा, दुसरी म्हणते त्याला खोटं ठरवणारी बाई खोटी नाही.

किताबासाठी जेम्सनं राजाकडे अर्ज केला. अर्ज सरकारी वकिलाकडे गेला आणि रेंगाळला. पुढे न्यायला पैसा लागत होता. पैसा जमिनीतून येणार होता, आणि जमीन काकाच्या ताब्यात होती. कळलं का चक्र? खटला ज्याच्या भाड्याच्या पैशातून लांबवला जात होता, ते भाडं जेम्सच्याच जमिनीचं होतं. मॅकर्चरही कर्जात बुडाला.

५ जानेवारी १७६० ला जेम्स वारला. वय चव्वेचाळीस. सोळा वर्षांपूर्वी खटला जिंकलेला माणूस, पण एकही किताब त्याच्या नावावर लागला नाही. त्याच्या मागे थोड्याच वर्षांत त्याची पुरुष पातीही संपली. पुढच्याच वर्षी, १७६१ मध्ये, काका गेला. अर्ल म्हणूनच गेला.

तोच मुलगा, दोन निकाल

आता खरी गंमत. ज्या प्रश्नावर काकानं पुतण्याला अडवलं, तोच प्रश्न त्याच्या स्वतःच्या मुलावर उलटला.

रिचर्डनं लग्नं केली होती, आणि किती, हाच वाद. एक बायको इंग्लंडमध्ये, डेव्हनची. ती जिवंत असतानाच डब्लिनमध्ये दुसरी. मग वेक्सफर्डची जुलियाना डोनोव्हन. जुलियानाचा मुलगा आर्थर १७४४ चा. लोकांसमोर लग्नविधी झाला १७५२ मध्ये, म्हणजे मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर! जुलियानाचं म्हणणं, खरं लग्न १७४१ मध्येच गुपचूप झालं होतं, हा बघा दाखला. विरोधक म्हणाले, दाखला बनावट आहे.

किताब दोन देशांचे, म्हणून निर्णयही दोन ठिकाणी. डब्लिनच्या उमरावांच्या सभागृहानं दाखला मानला: आर्थर औरस, तो व्हायकाउंट व्हॅलेन्शिया. लंडनच्या सभागृहानं १७७१ मध्ये तोच पुरावा बघून सांगितलं: लग्न सिद्ध होत नाही, अर्ल ऑफ अँग्लसी हा किताब याला मिळणार नाही. तो किताब तिथेच संपला.

म्हणजे एकच माणूस. आयर्लंडमध्ये उतरला की औरस लॉर्ड, इंग्लंडमध्ये उतरला की अनौरस. मधल्या समुद्रात तो कोण होता, हे तुम्हीच ठरवा.

१७९३ मध्ये त्याला अर्ल ऑफ माउंटनॉरिस हा नवा आयरिश किताब मिळाला. आणि त्याच्या मुलामुळे आपण पुण्याला येतो.

शनिवारवाडा

हा मुलगा जॉर्ज ॲन्स्ली, तेव्हाचा व्हायकाउंट व्हॅलेन्शिया. जेम्सला जहाजावर चढवणाऱ्या रिचर्डचा सख्खा नातू. १८०२ ते १८०६ अशी चार वर्षं तो हिंदुस्थान, लंका, तांबडा समुद्र, इजिप्त फिरला. बरोबर चित्रकार हेन्री सॉल्ट होता. १८०९ मध्ये त्यानं प्रवासवर्णनाचे तीन जाडजूड खंड काढले. १८०४ मध्ये तो मुंबईहून घाट चढून पुण्याला आला आणि दुसऱ्या बाजीरावाला भेटला.

दुसरा बाजीराव कोण? रघुनाथरावांचा मुलगा. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ज्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे, त्या काकांचा मुलगा. रघुनाथरावांना गादी टिकवता आली नाही, पण शेवटी ती त्यांच्याच मुलाकडे आली.

म्हणजे त्या भेटीत समोरासमोर बसले होते एका काकाचा नातू आणि दुसऱ्या काकाचा मुलगा. दोघांच्याही घरात पुतण्याला बाजूला केलं गेलं होतं, आणि दोघांकडेही शेवटी वारसा आला होता. एकाकडे किताब, दुसऱ्याकडे गादी.

जॉर्ज १८४४ मध्ये वारला. त्याचा मुलगा आधीच गेला होता, त्यामुळे माउंटनॉरिसचं अर्लपण संपलं. पण व्हायकाउंट व्हॅलेन्शिया हा जुना किताब दूरच्या भाऊबंदांकडे गेला, कारण सनदेत रांग तशी होती. तो किताब आजही आहे.

मग रक्ताचं काय?

अशा घराण्यांची सगळी ऐट एका शब्दावर उभी असते: रक्त. पण या गोष्टीत रक्तानं नेमकं काय ठरवलं? जेम्स त्या लॉर्डचा मुलगा होता हे काकाची बाजूसुद्धा नाकारत नव्हती. तरी त्याला काही मिळालं नाही, कारण आई कोण ते कायमचं पक्कं झालं नाही. आर्थर रिचर्डचा मुलगा होता हे सगळ्यांना मान्य होतं. त्याला अर्धं मिळालं, कारण एका लग्नाचा कागद एका शहरात चालला आणि दुसऱ्यात नाही.

किताब पुढे गेला तो रक्ताच्या नाही, पुराव्याच्या वाटेनं. आणि पुरावा टिकवायला, तारखा लांबवायला ज्याच्याकडे पैसा, त्याच्या वाटेनं. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या 'किडनॅप्ड' या १८८६ च्या कादंबरीमागे जेम्सचीच कहाणी असावी, असं बरेच जण मानतात. त्या कादंबरीत काका हरतो.

मला मात्र या सगळ्यात लक्षात राहतो तो जॉन पर्सेल. त्याच्याकडे सनद नव्हती, त्याला वारशात काही मिळणार नव्हतं. मुलगा औरस की अनौरस, हे त्यानं विचारलं नाही. दारात दांडकं घेऊन उभा राहिला, आणि पंधरा वर्षांनी कोर्टात येऊन सांगितलं की हाच तो मुलगा.

तुमच्याही घरात वारशाची एखादी जुनी गोष्ट असेल, सातबाऱ्यावरच्या नावाची किंवा वाड्याच्या वाटणीची. ती सांगणारं कुणी वडीलधारं असेल तर आजच बसा त्यांच्याजवळ आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. जेम्सच्या वेळी सगळं अशाच माणसांच्या आठवणीवर अडलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!